कल्चर पाठवलंय का?

बाबांच्या रक्ताच्या आणि लघवीच्या बाटल्या मी एकाच थर्माकोलच्या डब्यात, बर्फ घालून पुण्याला नेल्या. ती चूक होती. लघवीचा नमुना थंड ठेवायचा असतो. रक्ताच्या कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघण्यासाठी घेतलेल्या रक्ताची बाटली मात्र खोलीतल्या साध्या तापमानाला. गारठ्यात काही जंतू मरतात आणि रिपोर्ट येतो ‘वाढ नाही’. हे मला प्रयोगशाळेतल्या बाईंनी डबा उघडल्या उघडल्या सुनावलं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, “अँटिबायोटिक कधीपासून चालू आहे?” पाच दिवस. आधी सेफ्ट्रायाक्सोन, मग पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, ताप हटेना म्हणून आदल्या दिवसापासून मेरोपेनेम. बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग आता यात काय वाढणार हो?”

आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या त्या खासगी रुग्णालयात आयसीयू आहे, डायलिसिस आहे, सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो. जंतू वाढवून बघायची सोय तेवढी नाही. कल्चर ‘बाहेर’ जातं, म्हणजे कुरिअरने पुण्याला. आणि तो शुक्रवार होता. सोमवारी उचलतील म्हणाले, म्हणून मी एसटी पकडली. रिपोर्ट मंगळवारी मोबाइलवर आला. रक्तात वाढ नाही. ती बर्फामुळे झाली नाही, औषधांमुळे झाली नाही की रक्तात जंतू नव्हतेच म्हणून झाली नाही, ते आता कधीच कळायचं नाही. लघवीत मात्र पाच दिवसांची औषधं पचवून ई. कोलाय हा जंतू ठाण मांडून बसलेला. खाली औषधांची लांबलचक यादी आणि बहुतेकांपुढे ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट. मेरोपेनेमपुढेही ‘आर’. ‘एस’, म्हणजे जंतू दाद देतो, होतं ते तीन-चार नावांपुढे. त्यात एक अमिकासिन, सत्तरच्या दशकातलं इंजेक्शन. ते कुठल्याही बऱ्या मेडिकलमध्ये मिळतं, आणि मेरोपेनेमची बिलं भरल्यावर त्याची किंमत बघून हसू येतं. रोज क्रिएटिनिन तपासत, किडनीवर नजर ठेवून डॉक्टरांनी ते दिलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी चहा मागितला.

अमिकासिन पहिल्या दिवसापासून त्याच रुग्णालयाच्या कपाटात होतं. ते द्यावं की नाही हे सांगणारा कागद तेवढा नव्हता.

अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दोन वाटांनी जाते. पहिली वाट लोकांना रागावण्याची: कोर्स अर्धवट सोडता, मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणता, भोगा. दुसरी वाट नव्या औषधाची: अमुक कंपनीने शोध लावला, आता सुपरबगची खैर नाही. मला दोन्ही वाटा अपुऱ्या वाटतात. या संसर्गांवर उपचार आहेत, आणि आपण समजतो त्याहून बरेच आहेत. जुनी औषधं आहेत, जुन्या-नव्यांच्या जोड्या आहेत, अगदी नवी औषधं आहेत, जंतू खाणारे विषाणूसुद्धा आहेत. पण यातला प्रत्येक उपचार आधी एकच गोष्ट विचारतो: समोरचा जंतू कोणता आणि त्याच्याकडे कोणतं हत्यार आहे? हे सांगणारी सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा मोठी शहरं आणि वैद्यकीय महाविद्यालयांची गावं ओलांडली की विरळ होत जाते. म्हणून सरकारी पैसा नव्या औषधाच्या आधी तिथे गेला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

नमुने देऊन झाल्यावर बाईंनी मला एक बशी दाखवली होती. तळहाताएवढी, झाकणाची, आता प्लास्टिकची असते. आत आगारचा थर. आगार म्हणजे आपण चायना ग्रास म्हणून दुधात शिजवतो तेच, समुद्री शेवाळातून काढलेलं. आधी त्यावर नमुना पसरून रात्रभर उबेत ठेवायचा. मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर ई. कोलायचे ठिपके गुलाबी उठतात, आणि सरावलेल्या डोळ्याला तिथेच अर्धी ओळख पटते. मग त्यातला एखादा ठिपका उचलून नव्या बशीवर सारवायचा आणि वर औषधात भिजवून सुकवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या बशीवर जंतूंची साय धरलेली असते. जिथे औषध चाललं तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. तो गोल मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि तक्त्याशी ताडून ‘एस’ किंवा ‘आर’ लिहायचं. मला दाखवली त्या बशीत (ती दुसऱ्याच कुणाची होती) एका चकतीभोवती छान टपोरा गोल होता, आणि मेरोपेनेमच्या चकतीला मात्र जंतू अगदी खेटून वाढले होते.

या पद्धतीला पन्नासहून अधिक वर्षं झाली. तिला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. वेळ वाचवणारी यंत्रं आहेत, ती असली तर उत्तमच. पण किमान गरज आहे ती उबवण्याची पेटी, न जाणारी वीज, ओळखीच्या जंतूवर चकत्या नियमित तपासून घेण्याची शिस्त, दोन तंत्रज्ञ आणि रिपोर्टवर सही करणारा, पुढे फोन उचलून वॉर्डातल्या डॉक्टरशी बोलणारा एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. यातलं सगळ्यात दुर्मीळ शेवटचं. रेडिओलॉजिस्टला आपल्याकडे मान आहे आणि पैसाही. या माणसाला रुग्ण कधी भेटतही नाही.

डॉक्टर मंडळींचा यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खरा आहे. सेप्सिसमध्ये गेलेला, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेला रुग्ण दोन दिवस बशीकडे बघत थांबू शकत नाही. तासाभरात अँटिबायोटिक गेलंच पाहिजे, अंदाजाने का होईना. मान्य. पण पहिल्या डोसच्या आधी रक्त काढून दोन बाटल्या भरायला दहा मिनिटं लागतात. त्या भरल्या असतील तर दोन दिवसांनी अंदाजाचं औषध बदलता येतं, हलकं करता येतं, बंद करता येतं. भरल्या नसतील तर हाती उरतं ते फक्त एकापेक्षा एक भारी औषध चढवत जाणं. दुसरं असं की अंदाजही हवेत बांधायचा नसतो. एखादी प्रयोगशाळा वर्षभर काम करते तेव्हा तिच्या वह्यांतून त्या भागाचा तक्ता तयार होतो: इथल्या लघवीतल्या ई. कोलायपैकी इतके नायट्रोफ्युरँटॉइनला मरतात, इतके सिप्रोफ्लॉक्सासिनला मरत नाहीत. याला अँटिबायोग्राम म्हणतात. माझ्या जिल्ह्याचा असा तक्ता मी शोधला. मला तो मिळाला नाही.

देशाचे आकडे मिळतात. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) जाळं २०१३ पासून ते गोळा करतं आणि दरवर्षी छापतं. अ‍ॅसिनेटोबॅक्टर या आयसीयूतल्या जंतूचे दहापैकी साधारण नऊ नमुने कार्बापेनेमला (मेरोपेनेम ज्या घराण्यातलं आहे त्याला) दाद देत नाहीत. क्लेबसिएला या आणखी एका जंतूचेही निम्म्याहून जास्त. हे आकडे झोप उडवणारे आहेत, पण ते मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतले आहेत, जिथे चार ठिकाणी औषधं घेऊन थकलेला रुग्ण शेवटी पोचतो. तालुक्याच्या गावात पहिल्यांदा ताप आलेल्या बाईच्या लघवीतला जंतू कदाचित इतका बिलंदर नसेल. कदाचित असेलही. डॉक्टर मात्र मोठ्या रुग्णालयाचा आकडा डोक्यात ठेवून तिलाही भारी औषध देतो, आणि त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या हातात दुसरा कुठलाच कागद नसतो.

एप्रिल २०२५ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात आठ देशांचा एक अभ्यास आला. २०१९ साली या देशांत कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचे (ई. कोलाय, क्लेबसिएला याच गटातले) सुमारे १५ लाख संसर्ग झाले असावेत आणि त्यातल्या फक्त ६.९ टक्क्यांना योग्य औषध मिळालं असावं, असा तो अंदाज आहे. विकल्या गेलेल्या औषधांवरून तो बांधला आहे. या १५ लाखांतले जवळजवळ १० लाख संसर्ग एकट्या भारतातले, आणि इथलं प्रमाण ७.८ टक्के. ज्या देशात सर्दीलाही अ‍ॅझिथ्रोमायसिन खाल्लं जातं त्याच देशात ज्यांना खरी गरज त्यांच्यातल्या शंभरांपैकी नव्वदाहून जास्त जणांपर्यंत योग्य औषध पोचतच नाही. किंमत हे कारण आहेच. पण रुग्णाने कोणत्या पायरीवर हात सोडला हे बघितलं तर पहिली पायरी तपासणीची आहे. नाव न कळलेल्या जंतूसाठी महागडं औषध कोण लिहिणार, आणि लिहिलं तरी ते लागू पडेल कशावरून?

हे ‘लागू पडेल कशावरून’ प्रकरण भारतात फार अवघड आहे, आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००८ मध्ये दिल्लीत रुग्णालयात राहून गेलेल्या, स्वीडनमध्ये स्थायिक असलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात कार्बापेनेम फोडणारं जंतूंचं एक नवं विकर (एन्झाइम) सापडलं. त्याचं नाव पडलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टामेज, थोडक्यात एनडीएम. २०१० च्या ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये मोठा लेख आला तेव्हा आपल्याकडे वादळ उठलं: राजधानीचं नाव का दिलं, वैद्यकीय पर्यटन बुडवायचा हा डाव आहे, संसदेतही प्रश्न निघाला. नावाचा राग मी समजू शकतो. पण त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे वादळाच्या पाच महिने आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय फिजिशियनांच्या नियतकालिकात छापलं होतं की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये हे विकर निघालं. त्यावर कुणी ओरडलं नाही. परक्याने नाव ठेवलं म्हणून आपण पेटलो. घरच्याने आकडा सांगितला तेव्हा पान उलटलं.

उपचारासाठी याचा अर्थ असा. अमेरिकेत अशा जंतूंकडे बराच काळ केपीसी नावाचं दुसरं विकर जास्त आढळायचं. तिथल्या कंपन्यांनी त्यावर औषधं काढली. मेरोपेनेम-व्हॅबोरबॅक्टम केपीसीवर चालतं. एनडीएमवर नाही आणि आपल्याकडे पसरलेल्या ऑक्सा-४८ या तिसऱ्या विकरावरही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम ऑक्सा-४८ ला पुरून उरतं, पण एनडीएमपुढे हात टेकतं. यावर डॉक्टरांनी युक्ती काढली. अ‍ॅझ्ट्रिओनाम नावाचं एक जुनं औषध एनडीएमला फोडता येत नाही. मात्र हे जंतू सोबत आणखी दोन-तीन विकरं बाळगून असतात आणि ती त्याला फोडतात. मग दोन्ही औषधं एकत्र द्यायची. अ‍ॅव्हिबॅक्टमने ती बाकीची विकरं अडवायची आणि अ‍ॅझ्ट्रिओनामने जंतू मारायचा. भारतातल्या आयसीयूंत ही जोडी कितीतरी आधीपासून वापरली जाते. अ‍ॅझ्ट्रिओनाम-अ‍ॅव्हिबॅक्टम असं तयार औषध युरोपात मंजूर झालं ते २०२४ मध्ये.

पण ही युक्ती वापरायची तर जंतूकडे केपीसी आहे, ऑक्सा आहे की एनडीएम, हे कळायला हवं. नाहीतर एका औषधात भागणाऱ्याला दोन मिळतात आणि दोन लागणाऱ्याला एक. दोन्हींत दिवसाला हजारो रुपये जातात. हे ओळखायची पट्टी आता मिळते, घरी गर्भचाचणी करतात तशीच, पंधरा मिनिटांत रेघ उमटते. मात्र ती चालते बशीवर वाढलेल्या जंतूवर. म्हणजे बशी आधी हवीच.

आपल्याकडच्या नव्या औषधांचं मला कौतुक आहे, आणि ते मी हातचं राखून करत नाही. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत जन्मलेल्या एन्मेटाझोबॅक्टमला, सेफेपिम या जुन्या अँटिबायोटिकच्या जोडीने, फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. वोक्हार्टच्या छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्रातल्या माणसांनी झिडेबॅक्टमवर वर्षानुवर्षं काम केलं. ते एनडीएमवाल्या जंतूंवरही चालतं, आणि त्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या पार पडल्या आहेत. त्याच कंपनीचं नॅफिथ्रोमायसिन न्यूमोनियासाठी आलं, रोज एकदा असं तीन दिवस घ्यायचं. मराठवाड्यातल्या एका शहराने जगाला अँटिबायोटिक द्यावं ही साधी गोष्ट नाही. पण ज्या तालुक्यात ते लिहिलं जाईल तिथे कल्चर होत नसेल तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. मेरोपेनेमचं काय झालं ते बघा. ते आलं तेव्हा राखून ठेवायचं औषध होतं. स्वस्त झालं, डझनावारी नावांनी विकलं जाऊ लागलं, आणि आज ताप उतरला नाही की चौथ्या दिवशी ते लागतं. बाबांना लागलं तसंच.

दुसरीकडे, औषध जपून वापरलं तर ते काढणारी कंपनी बुडते. अमेरिकेतल्या अकॅओजेनने प्लाझोमायसिन काढलं, जून २०१८ मध्ये मंजुरी मिळवली आणि एप्रिल २०१९ मध्ये दिवाळं वाजवलं. ते औषध नंतर आपल्या मुंबईच्या सिप्लाने घेतलं. ब्रिटनने यावर तोड काढली: २०२२ पासून सेफिडेरोकॉल आणि सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम या दोन औषधांसाठी तिथली आरोग्यसेवा दरवर्षी ठरावीक रक्कम देते, बाटल्या किती खपल्या याच्याशी संबंध न ठेवता. अग्निशमन दलाला आपण आगी मोजून पगार देत नाही, तसंच. महाराष्ट्रासारख्या राज्याने आपल्या कंपन्यांशी असा करार करायला हरकत नाही, मी तर त्याच्या बाजूचा आहे. पण करारात एक अट हवी: औषध फक्त तिथेच जाईल जिथे कल्चर होतं. आज ही अट घातली तर नकाशावर किती ठिपके उरतील?

आता गंगाजल. व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतं की गंगेच्या पाण्यात जंतू मारणारी शक्ती आहे आणि हे इंग्रजांनीही मान्य केलं होतं. गंमत म्हणजे त्यात तथ्याचा अंश आहे. अर्नेस्ट हँकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये नोंदवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जंतू खाणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफाज, ओळखले गेले आणि हँकिनच्या नोंदीचा अर्थ बहुधा हाच असावा असं आता मानतात. जॉर्जियातल्या तिबिलिसीत १९२३ पासून यावर संस्था आहे आणि तिथे आजही भारतासह जगभरातून रुग्ण जातात. अमेरिकेत टॉम पॅटरसन या प्राध्यापकाला इजिप्तमध्ये जडलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरने मरणाच्या दारात नेलं होतं. २०१६ मध्ये फाज देऊन त्यांना वाचवलं. फाज उपचारावर माझा विश्वास आहे. पण फाज अतिशय चोखंदळ असतो. एका जंतूचीही सगळी वाणं तो खात नाही, ठरावीक वाणच खातो. म्हणून रुग्णाचा जंतू आधी बशीवर वाढवायचा, त्यावर फाजांचे थेंब टाकून कोणता खातो ते बघायचं आणि मगच औषध बनवायचं. नदीचं पाणी पिऊन यातलं काही होत नाही, पोट मात्र बिघडतं.

आधी तपासणी, मग औषध, आणि दोन्ही फुकट, हे आपल्या देशात शक्यच नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याला क्षयरोगाकडे बघायला सांगेन. डिसेंबर २०११ मध्ये हिंदुजाच्याच डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या चार रुग्णांबद्दल लिहिलं: उपलब्ध कुठलंच औषध त्यांच्या क्षयाला लागू पडत नव्हतं. तेव्हाही शब्दावरून वाद झाला, अशा क्षयाला ‘टोटली’ रेझिस्टंट म्हणायचं की नाही. पण या वेळी वादाच्या पलीकडे काम झालं. थुंकीत जंतू दिसतो की नाही एवढंच सांगणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला सीबीनॅट यंत्रं आली. दोन तासांत क्षय आहे का आणि तो रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देतो का, हे सांगणारी. ती वैद्यकीय महाविद्यालयांतच अडकून राहिली नाहीत, जिल्ह्यांत आणि पुढे तालुक्यांतही पोचली. रिपोर्टप्रमाणे औषध ठरतं आणि रुग्णाची नोंद राहते. बेडाक्विलिन या क्षयावरच्या नव्या औषधाचं पेटंट लांबवायचा कंपनीचा अर्ज मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने फेटाळला. त्याला हरकत घेणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता वेंकटेशन होत्या, क्षयाच्या इंजेक्शनांच्या दुष्परिणामाने ऐकू येणं गमावलेल्या. (बाबांना वाचवणारं अमिकासिन त्याच घराण्यातलं. सहा दिवस आणि सहा महिने यांतला फरक तो हाच.) आता त्या इंजेक्शनांशिवाय, चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य केला; पूर्वी याला दीड-दोन वर्षं लागायची. क्षयाच्या कार्यक्रमात सगळं आलबेल आहे असं नाही, औषधांचा तुटवडा झालेला आपण पाहिला आहे. पण जंतूचं नाव आणि त्याची सवय कळल्यावरच औषध, हा क्रम तिथे रुजला. थुंकीसाठी जे जमलं ते लघवी आणि रक्तासाठी का जमू नये?

रागावण्याच्या वाटेबद्दल थोडंच बोलतो. नियम आहेत: १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे, त्यातल्या औषधांची नोंद मेडिकलवाल्याने वहीत करायची असते. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घालायला २०१९ मध्ये बंदी आली. माणसासाठी शेवटचं म्हणून राखलेलं औषध आपण ब्रॉयलरचं वजन वाढवायला वापरत होतो, हे लक्षात यायला तेवढा वेळ गेला. हे नियम पाळले गेलेच पाहिजेत. पण नुसता दंडुका आपटून काय होणार? डॉक्टर वीस किलोमीटरवर असलेल्या वाडीतल्या बाईने मेडिकलमधून गोळी आणली तर ती बेजबाबदार नसते. आणि डॉक्टरकडे गेली तरी बहुतेक वेळा काय होतं? विडाल. ताप तीन दिवस टिकला की ‘विडाल करून घ्या’, रिपोर्टवर एक-ऐंशी किंवा एक-एकशे साठ, टायफॉइड ठरला, सलाईनमधून सेफ्ट्रायाक्सोन सुरू. ही तपासणी १८९६ सालची आहे. ती जंतू बघतच नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांचा अंदाज घेते, आणि जुन्या संसर्गाने, लशीने, दुसऱ्याच कुठल्या तापानेही चुकते. खरा टायफॉइड रक्ताच्या कल्चरमध्ये दिसतो. आणि ज्यांनी तो वाढवून बघितला त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली: सिप्रोफ्लॉक्सासिनला आता तो क्वचितच मरतो, पण क्लोरॅम्फेनिकॉल आणि कोट्रायमोक्साझोल ही आजोबांच्या काळातली, मधे निकामी ठरलेली औषधं त्याच्यावर पुन्हा चालू लागली आहेत. वर्षानुवर्षं कुणी वापरली नाहीत, तसा जंतूलाही त्यांचा विसर पडला. विडालच्या रिपोर्टवर हे कधीच दिसणार नाही. (टायफॉइड होऊच न देणं याहून चांगलं. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये एक लाखावर मुलांना नवी लस टोचली; बाकीच्या महापालिका कशाची वाट बघतात कोण जाणे.)

पैशाचा प्रश्न येणारच. केंद्राने २०२१ च्या आरोग्य पायाभूत अभियानात प्रत्येक जिल्ह्याला एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा देऊ केली आहे, म्हणजे इमारतीचा आणि यंत्रांचा मुद्दा तत्त्वतः सुटलेला आहे. राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने उचलून नेणाऱ्या गाड्याही फिरतात. उरला तो माणूस, त्याचा पगार, आणि रविवारी बशी बघायला कुणीतरी असणं. जंतूंना साप्ताहिक सुट्टी नसते.

आपल्या राज्याला हे झेपणार नाही असं मला वाटत नाही, कारण याहून अवघड काम इथे एकदा झालेलं आहे. पेनिसिलिन आयात करावं लागायचं तेव्हा, १९५४ साली, सरकारने पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी केली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत घेऊन, आणि वर्षभरात तिथून पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. एच.ए. कॉलनीत वाढलेल्या माणसांना अजून त्या कारखान्याचा वास आठवतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी शोधलेल्या एका सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात चक्क पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. त्यापासून बुरशीच्या संसर्गावरचं हॅमायसिन हे औषध निघालं. पुढे कारखान्याची जी परवड झाली तो वेगळा लेख. पण नव्या देशाने, हातात फारसं काही नसताना, औषध ही सरकारची जबाबदारी मानली होती. त्या कारखान्याच्या मानाने प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक उबवण्याची पेटी आणि दोन माणसं ही फार मोठी मागणी नव्हे.

गेल्या दिवाळीत बाबांना पुन्हा थंडी वाजून ताप आला. तेच रुग्णालय, तेच डॉक्टर. या वेळी मी काही बोलायच्या आधी त्यांनीच सिस्टरना विचारलं, “कल्चर पाठवलंय का?” अँटिबायोटिकच्या आधी रक्त घेतलं, दोन बाटल्या. लघवी बर्फात, रक्त माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात. मागचा रिपोर्ट फाइलमध्ये होता, तो बघून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी अमिकासिन सुरू केलं. एसटीला साडेपाच तास लागले. पुढे वाढायला एक दिवस, चकत्यांना एक दिवस, आणि मधे पाडवा होता, त्या दिवशी प्रयोगशाळा बंद.